खाते पुसले, तरी फाइल लहान का होत नाही?

अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी ओळखले जाते. कलमे विकली गेली की वाफे रिकामे होतात. मात्र सातबारावरील क्षेत्र तेवढेच राहते आणि त्याच जागेत पुढची रोपे उभी राहतात. मोठ्या कार्यालयांच्या सर्व्हरवरील डिरेक्टरीचेही असेच आहे.

डिरेक्टरी म्हणजे कर्मचारी, संगणक, प्रिंटर आणि त्यांचे अधिकार यांची सामाईक नोंदवही. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही माहिती ‘एनटीडीएस.डिट’ नावाच्या फाइलमध्ये ठेवते. प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर अशी स्वतंत्र फाइल असते आणि नोंदींमधील बदल ते एकमेकांना कळवतात.

नोकरी सोडून गेलेल्याचे खाते पुसले, तरी नोंद लगेच नाहीशी होत नाही. ‘हे खाते आता नाही’ अशी खूण, म्हणजेच टूम्बस्टोन, मागे राहते. ही खूण पूर्वी ६० दिवस राहत असे. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्या व्यवस्थांत ही मुदत १८० दिवस झाली. मुदत संपल्यावर दर १२ तासांनी होणाऱ्या सफाईत नोंद कायमची जाते आणि फाइलमध्ये मोकळी जागा तयार होते. ती नव्या नोंदींना मिळते. डिस्कला परत मिळत नाही.

मग मुदतच कमी केली तर? हा मोह धोक्याचा आहे. समजा, एका शाखेचा सर्व्हर मुदतीपेक्षा अधिक काळ संपर्काबाहेर राहिला. तोवर इतरत्र खूणही पुसली गेलेली असते, पण त्या सर्व्हरवर जुने खाते जिवंतच असते. अधिकार काढून घेतलेली व्यक्ती तेथून पुन्हा आत शिरू शकते. असा सर्व्हर तसाच जोडू नये, नव्याने उभारावा. मुदतीपेक्षा जुना बॅकअपही निरुपयोगी ठरतो.

विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून रिसायकल बिन ही सोय आली. ती सुरू केल्यास पुसलेले खाते संपूर्ण माहितीसह परत आणता येते. मात्र पुसलेल्या नोंदी अधिक काळ राहिल्याने फाइल वाढते, आणि एकदा सुरू केलेली ही सोय बंद करता येत नाही.

मोठी साफसफाई झाल्यावर आणि डिस्कवर जागेची खरोखर चणचण असेल तरच फाइल आक्रसावी. आधी बॅकअप घ्यावा. नंतर डिरेक्टरी सेवा थांबवून ‘एनटीडीएसयुटिल’ने दुसऱ्या फोल्डरमध्ये आटोपशीर प्रत तयार करावी आणि ती मूळ फाइलच्या जागी ठेवून तपासावी. हे काम प्रत्येक सर्व्हरवर वेगळे करावे लागते. किती जागा सुटेल, हे सफाईची नोंद सुरू ठेवल्यास १६४६ क्रमांकाच्या संदेशातून आधीच कळते.

थोडक्यात, डिस्क वाढवता येते. पण घाईने पुसलेली खूण परत आणता येत नाही.