निहाली : कोरकूच्या खात्यात हरवलेली भाषा

मालेगावहून पूर्वेला जळगाव, मलकापूर ओलांडून सातपुड्याचा पायथा धरला की बुलढाणा जिल्ह्यातला जळगाव जामोद तालुका लागतो. सोनबर्डी, चालठाणा, कुवरदेव अशा मोजक्या गावांत तिथे निहाली बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. मराठी भारोपीय कुळातली, गोंडी द्राविडी, शेजारची कोरकू मुंडा. निहालीचं नातं मात्र यांपैकी कोणत्याही कुळाशी सिद्ध झालेलं नाही. गिलगिटकडची बुरुशास्की किंवा नेपाळमधली कुसुंडा यांच्यासारखी ती एकाकी भाषा आहे. तरीही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूच्या नोंदीतच येतं आणि 10 हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणना 1971पासून वेगळे छापत नाही. निहाली वाचवायची तर आधी तिची स्वतंत्र भाषा म्हणून नोंद व्हायला हवी.

ही गल्लत जुनी आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1906च्या खंडात स्टेन कोनो यांनी निहालीला मुंडा भाषांमध्ये बसवलं. कारण उघड होतं : तिच्यात कोरकू शब्दांचा भरणा मोठा आहे. पुढे 1962मध्ये डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी शब्दांची छाननी केली, तेव्हा कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांतून आलेले शब्द बाजूला काढल्यावरही सुमारे चौथा हिस्सा उरला. त्याचं मूळ कुठेच सापडेना. या उरलेल्या शब्दांचं वजन त्यांच्या संख्येपेक्षा मोठं आहे. डोळ्याला निहालीत ‘जिकित’ म्हणतात, कोरकूत ‘मेड’. पाण्याला निहालीत ‘जोप्पो’, कोरकूत ‘डा’. याउलट दोन, तीन, चार यांसाठीचे ‘इरार’, ‘मोथो’, ‘नालो’ हे शब्द द्राविडी वळणाचे आहेत. बाजारहाटात आकडे इकडून तिकडे सहज जातात. डोळा आणि पाणी यांचे शब्द लोक सहसा उसने घेत नाहीत. म्हणून मूळ ओळखताना अशाच शब्दांची साक्ष जास्त मानली जाते.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो कायपर यांच्याही विचारात होता : ही एखाद्या टोळीने रचलेली गुप्त बोली तर नसेल? सांकेतिक बोलीत मोजके शब्द बदलतात, पण सांगाडा आसपासच्या भाषेचाच राहतो. निहालीत ‘मी’साठी ‘जो’ आणि ‘तू’साठी ‘ने’ आहे. सर्वनामांपासून शरीराच्या अवयवांपर्यंत रोजच्या घरगुती बोलण्याचा गाभाच वेगळा आहे. त्यातले काही शब्द मुद्दाम रचलेले असतीलही, पण तेवढ्याने हा सगळा गाभा उलगडत नाही. दुसरा आक्षेप भेसळीचा : इतके उसने शब्द असलेली भाषा स्वतंत्र कशी? मग मालेगावकडे पाहा. इथे अहिराणी, उर्दू आणि मराठी एकाच बाजारात नांदतात, एकमेकींचे शब्द घेतात, तरी अहिराणी ही अहिराणीच राहते. उसनवारीवरून शेजार कळतो. कूळ त्यावरून ठरत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : मुलांना मराठी-हिंदीशिवाय गत्यंतर नाही, मग निहाली कशाला? मराठी हवीच, यात वाद नाही. पण निहाल माणूस आजही कोरकू आणि मराठी दोन्ही सांभाळतो. दोन-तीन भाषा डोक्यात ठेवणं या भागाला नवं नाही, त्यामुळे मराठी शिकण्यासाठी निहाली सोडण्याची गरज नाही. विज्ञानाच्या बाजूने तोटा तर भरून न येणारा आहे. मराठीची एखादी बोली लोपली तर तिच्या बहिणींवरून थोडाफार अंदाज बांधता येतो. निहालीला बहीणच नाही. मध्य भारतात आजची भाषाकुळं पसरण्याआधी कोण काय बोलत होतं, याचा कदाचित हा एकमेव जिवंत धागा असेल. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या यागान या अशाच एकाकी भाषेच्या शेवटच्या जाणकार क्रिस्तिना काल्देरोन फेब्रुवारी 2022मध्ये गेल्या. नातीबरोबर त्यांनी शब्द आणि कथा नोंदवून ठेवल्या, तेवढं हाती राहिलं. पण त्या भाषेत एकमेकांशी बोलणारी माणसं उरली नाहीत.

निहालीची वेळ अजून गेलेली नाही. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शैलेंद्र मोहन यांनी व्याकरणावर काम केलं आहे. संशोधकांनी आपला वाटा उचलला. आता सरकारी दप्तराची पाळी आहे. निहालीचे आकडे वेगळे छापावेत, त्या गावांतल्या अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीत मराठीच्या जोडीला निहाली बोलणारी स्थानिक माणसं नेमावीत, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावातच राहावी. अडीच हजार माणसांसाठी हा खर्च फार नाही, आणि महाराष्ट्राबाहेरचं दुसरं कोणतंही राज्य तो आपल्या वतीने करणार नाही.