प्रभातफेरीनंतरचा हिशेब

२६ जूनला आपल्याकडे दोन दिवस एकत्र येतात : राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिन. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, त्यामुळे नांदेड असो की लातूर, त्या सकाळी प्रभातफेरी ठरलेलीच. फलक, घोषणा, चौकात पथनाट्य, शपथ आणि शेवटी फोटो. गेल्या पंधरा वर्षांचा मागोवा घेताना प्रश्न पडतो तो एवढाच, की फेरी संपल्यावर पोरांच्या हातात काम काय दिलं?

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा गर्द हे मोठ्या शहरांचं दुखणं समजलं जाई. मराठवाड्यात व्यसन म्हणजे दारू, तंबाखू आणि तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात शिंदी. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्तीचं धोरण आणलं, २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. बंदी आली, पण पुडी काही गेली नाही. ती काउंटरवरून काउंटरखाली सरकली.

या काळात मुलांना खरं काम मिळालं ते तंबाखूमुक्त शाळेच्या उपक्रमात. २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सुधारित सूचना काढल्या. शाळेपासून शंभर यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, पिवळी रेषा आखायची आणि नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांमधूनही ‘तंबाखू मॉनिटर’ नेमायचे. टेप धरून अंतर मोजायचं, रेषेच्या आत कोणती टपरी येते ते वहीत लिहायचं. एकदा टेप लावली की वाद घालायला जागा उरत नाही. भाषणाने जे साधत नाही ते अशा मोजमापाने साधतं, कारण कायदा मुलांना पाठ करावा लागत नाही, तो रस्त्यावर आखलेला दिसतो. जिथे हे मनापासून झालं तिथे ते मुलांचं काम ठरलं. जिथे नुसता अहवाल भरायचा होता तिथे रेषा पहिल्या पावसात पुसली गेली.

दुसरा धडा शेजारून आला. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणाने भेसळीच्या शिंदीवर कारवाईचा बडगा उगारला. क्लोरल हायड्रेट, अल्प्राझोलाम अशा रसायनांची सवय जडलेल्या माणसांची शिंदी एका झटक्यात बंद झाली. धर्माबाद-बिलोलीला लागून असलेल्या निजामाबादमध्ये आणि इतर जिल्ह्यांत शेकडो लोक झटके, भ्रम आणि थरथर घेऊन दवाखान्यात दाखल झाले. काहींचा जीव गेला. पुरवठा तोडताना उपचाराची सोय हाताशी नसेल तर कारवाईचा मार व्यसनी माणसालाच बसतो.

पुढे चित्र झपाट्याने बदललं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यातल्या मांजरमजवळ ११२७ किलो गांजा घेऊन जाणारा ट्रक पकडला गेला. माल आंध्रातून जळगावकडे निघाला होता. नांदेड जिल्हा वाटेवरचा. एप्रिल २०२५ मध्ये मात्र शेजारच्या लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यातल्या रोहिण्यात मेफेड्रोन, म्हणजे एमडी, बनवणारा कारखानाच सापडला आणि ११ किलोंहून जास्त माल जप्त झाला. वाटेवरचा टापू उत्पादनाचं ठिकाण बनायला चार वर्षंही लागली नाहीत.

मुलांसाठीचं सरकारी उत्तर त्याआधीच आलं होतं, तेही देखरेखीचं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या २०२१ च्या कृती आराखड्यात शाळाशाळांतून ‘प्रहरी क्लब’ काढायला सांगितलं गेलं. सावध मुलं हवीतच, पण त्यांना खबऱ्या करून भागणार नाही. ‘एम्स’च्या २०१९ मधील राष्ट्रीय अहवालानुसार हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आहे आणि प्रौढांत ०.५८ टक्के. पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर कोणत्या नाक्यावर अडवणार?

इथे कामी येतो तो मित्र. लातूरच्या ट्यूशन एरियात सोळा-सतरा वर्षांची पोरं घरापासून लांब, खोल्या करून राहतात. एखाद्याची झोप उडाली, उधारी वाढली, क्लासला दांड्या पडू लागल्या, हे आई-वडिलांच्या आधी रूममेटला कळतं. पण तो बोलत नाही. पोलिसांची भीती वाटते, शिवाय मैत्रीला जागायचं असतं. कायद्यात त्यासाठी वाट ठेवलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या व्यसनीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मात्र पुरे करावे लागतात. अमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या २०१८ पासूनच्या राष्ट्रीय आराखड्यातही समवयस्कांनी चालवायच्या उपक्रमाची तरतूद आहे. संयुक्त राष्ट्रांची मानकंही सांगतात, की भीती घालणारं एकदाचं व्याख्यान निष्फळ ठरतं. नकार देण्याचा सराव आणि संवाद यांचा उपयोग होतो.

थोडक्यात, या पंधरा वर्षांत आपण पोरांना घोषणा भरपूर दिल्या, जबाबदारी फार थोडी दिली. मनुष्यबळाची वानवा नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रत्येक स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो, दत्तक गावात सात दिवस शिबिराला जातो. त्यातले थोडे तास या कामाला द्या. प्राचार्यांनी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी येत्या २६ जूनला फेरी जरूर काढावी. पण त्याच दिवशी मित्राशी कसं बोलायचं, दवाखान्यात सोबत कसं जायचं याचं प्रशिक्षण वर्षभरासाठी सुरू करावं. आणि प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोठ्या अक्षरांत लिहावी : १४४४६.