वाटेत कुठेच वीज नाही

लाइट जाते, पंखा थांबतो, फ्रिजची घरघर बंद होते आणि त्याच क्षणी वायफायही नाहीसं होतं. ‘नेट गेलं,’ असं आपण म्हणतो. खरं तर नेट बहुतेक वेळा जागेवरच असतं. एक्स्चेंजमधून निघालेला लेझरचा प्रकाश त्या अंधारातही आपल्या भिंतीपर्यंत येत असतो. तो वाचणारा डबा तेवढा बंद पडलेला असतो.

घराघरांत आलेल्या फायबरच्या जोडणीला तंत्रज्ञ ‘जीपॉन’ म्हणतात. एक्स्चेंजमध्ये ओएलटी नावाचं यंत्र असतं आणि घरी ओएनटी हा डबा. या दोघांमध्ये वीस किलोमीटरपर्यंत अंतर असू शकतं, तरी मधे विजेवर चालणारं एकही उपकरण लागत नाही. असते ती फक्त काच. तिचा प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक.

मग एकाच तंतूतून बत्तीस घरांना नेट कसं मिळतं? वाटेत एका छोट्या पेटीत स्प्लिटर बसवलेला असतो. त्याला ना वायर, ना बॅटरी. काचेतच कोरलेल्या वाटांना फाटे फुटत जातात: एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत बत्तीस. प्रकाश आपोआप वाटला जातो. अर्थात वाटला की तो कमीही होतो. ओएलटीतून साधारण दोन मिलिवॅटचा प्रकाश निघतो. जोडणी करायला आलेला मुलगा हिरव्या टोपणाची पिन मीटरला लावून ‘उणे वीस, मस्त आहे’ म्हणतो, तेव्हा आपल्या वाट्याला मिलिवॅटचा फक्त शंभरावा भाग आलेला असतो. आणि चित्रपट, व्हिडिओ कॉल, मुलांचा क्लास, सगळं एवढ्यावर चालतं! हा प्रकाश अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच पिनच्या टोकात डोकावून पाहू नये.

जाणारा आणि येणारा प्रकाश एकाच तंतूत असूनही त्यांची टक्कर होत नाही, कारण त्यांचे रंग वेगळे आहेत. घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा, घरून जाणारा १३१० चा. येणारा प्रकाश सेकंदाला सुमारे अडीचशे कोटी बिट आणतो. हिशेब केला तर एकेक बिट म्हणजे काचेतून धावणारा आठ सेंटिमीटर लांबीचा प्रकाशाचा तुकडा. बत्तीसही घरांचे तुकडे प्रत्येक घरी पोहोचतात, पण ते कुलूपबंद असतात. आपला डबा आपले तेवढे उघडतो.

परतीची वाट जास्त अवघड. बत्तीस डबे एकदम बोलू लागले तर स्प्लिटरवर नुसता गोंधळ होईल. म्हणून पाटाच्या पाण्यासारख्या पाळ्या लावलेल्या असतात आणि त्या ठरवतो ओएलटी. पण एक घर दोन किलोमीटरवर आणि दुसरं पाच किलोमीटरवर असेल तर? काचेतला एक किलोमीटर कापायला प्रकाशाला पाच मायक्रोसेकंद लागतात. तीन किलोमीटरच्या फरकात अठरा हजारांहून जास्त बिट मागेपुढे होतील. म्हणून ओएलटी प्रत्येक डब्याचं अंतर मोजतो आणि जवळच्यांना मुद्दाम थांबायला लावतो. एक्स्चेंजला मग सगळी घरं सारख्याच अंतरावर असल्यासारखी वाटतात.

आता पुन्हा विजेकडे येऊ. जुन्या लँडलाइनला तांब्याच्या तारेतूनच एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्टची वीज मिळायची, म्हणून लाइट गेली तरी फोन वाजायचा. काच वीज वाहून नेत नाही. त्यामुळे घरच्या डब्याला आपला अडॅप्टर लागतो. लाइट गेली की डबा कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर काही मिलिसेकंद तगतो आणि तेवढ्यात एक्स्चेंजला निरोप धाडतो: माझी वीज गेली. इंजिनिअर त्याला ‘डाइंग गॅस्प’, म्हणजे शेवटचा श्वास म्हणतात. या निरोपामुळे कंपनीला कळतं की तार तुटलेली नाही, लाइट गेलेली आहे. तार तुटली असती तर डबा चालू राहिला असता आणि त्याच्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकला असता.

एक्स्चेंजकडे बॅटऱ्या असतात, बहुधा जनरेटरही. म्हणून घरी छोटा डीसी यूपीएस लावला की लोडशेडिंगमध्येही नेट चालतं. मात्र काही केबलवाले फायबर इमारतीच्या गच्चीपर्यंतच आणतात आणि पुढे स्विच बसवून लॅनची वायर सोडतात. तिथे इमारतीची लाइट गेली की आपला यूपीएस काही कामाचा नाही. नवीन जोडणी घेताना वेग आणि दर सगळेच विचारतात. फायबर थेट घरात येणार की गच्चीवर थांबणार, हेही विचारून घ्यावं.

वाटेत यंत्र नसल्याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही दिशांना सेकंदाला दहा गिगाबिट नेणारी नवी पद्धत, एक्सजीएस-पॉन, याच तंतूतून आणि याच स्प्लिटरमधून चालते. तिने फक्त प्रकाशाचे वेगळे रंग निवडले आहेत. त्यामुळे बदलावी लागतात ती दोन टोकांची यंत्रं. मधली काच आहे तिथेच राहते.