पायपीट, पंतोजी आणि पटकी

११ फेब्रुवारी १८१३ रोजी तीन अमेरिकन माणसे मुंबईत उतरली. गॉर्डन हॉल २८ वर्षांचा, सॅम्युएल नॉट २४ वर्षांचा, आणि सोबत नॉटची पत्नी रोक्साना. या किनाऱ्यावर त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते आणि इथली भाषा त्यांना येत नव्हती. त्यातच त्यांचा देश आणि इंग्लंड यांच्यात जून १८१२ पासून युद्ध पेटलेले होते, म्हणजे इंग्रजांच्या मुंबईत ही तिघे शत्रुराष्ट्राची माणसे होती. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात धर्मोपदेशक नकोच होते. कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम मिळाल्यावर ती मुंबईला आली होती, आणि कलकत्त्याचा हुकूम त्यांच्या मागोमाग इथेही येऊन पोचला.

महाराष्ट्रातल्या शाळा, छापखाने आणि स्त्रीशिक्षण यांचा इतिहास लिहिताना ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव येतेच. पण बहुधा संस्थेचे नाव येते, माणसे येत नाहीत. घर सोडून आलेली ही विशीतिशीतली मुले-मुली सकाळी उठून काय करत होती, कोणापाशी भाषा शिकत होती, आजारी पडली की त्यांच्या उशाशी कोण होते, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी जे ठरवून केले ते पुष्कळसे फसले, आणि जे टिकले ते या रोजच्या कष्टांतून उभे राहिले.

त्यांना धाडणारी संस्था, ‘अमेरिकन बोर्ड’, १८१० साली स्थापन झाली होती. परदेशी पाठवायच्या पहिल्या पाच तरुणांना ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी दीक्षा देण्यात आली. त्यांतल्या सॅम्युएल न्यूएलचे लग्न लागलीच तीन दिवसांनी झाले. वधू हॅरिएट ॲटवुड, वय १८. पुढच्या दहा दिवसांत ती ‘कॅरव्हॅन’ नावाच्या जहाजावर होती. त्या काळी हिंदुस्थानात जायचे म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने समुद्रावर काढायचे, आणि आईला पुन्हा पाहता येईल अशी आशा धरायची नाही. जूनमध्ये जहाज कलकत्त्याला लागले. सरकारने राहू दिले नाही, म्हणून नवराबायको मॉरिशसकडे निघाली. वाटेत समुद्रावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि ती पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई इथे क्षयाने हॅरिएटही गेली. ती अवघी १९ वर्षांची होती. ज्या कामासाठी ती निघाली होती त्याचा एक दिवसही तिच्या वाट्याला आला नाही.

तिची दैनंदिनी आणि पत्रे अमेरिकेत छापली गेली, घरोघर वाचली गेली, आणि ती वाचून कितीतरी मुलींनी परदेशी जायचे ठरवले. एका मुलीच्या मरणाचा असा उपयोग झालेला पाहून मन थोडे कचरते. पण त्या मुलींच्या मनात काय हलले असेल तेही समजते. न्यू इंग्लंडच्या खेड्यात त्या काळी बाईच्या जातीला घराबाहेरचे मोठे काम म्हणून दुसरे फारसे काही नव्हते.

एकटा न्यूएल सिलोनमार्गे १८१४ साली मुंबईला येऊन हॉल आणि नॉट यांना मिळाला. दरम्यान त्या दोघांनी वर्षभर डोक्यावर टांगती तलवार घेऊन काढले होते. इंग्लंडला रवाना व्हा, असा हुकूम झाल्यावर ते गुपचूप जहाजाने कोचीनकडे निघाले. तिथून त्यांना परत मुंबईला आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचा होता, पण हात बांधलेला. हॉलने त्याला सविस्तर पत्रे लिहिली. लंडनमध्येही कंपनीच्या संचालकांपैकी काहींनी रदबदली केली. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि अखेर त्यांना राहू देण्यात आले. गाठोडी बांधून ठेवलेल्या त्या दिवसांतही मराठीचा अभ्यास मात्र त्यांनी सोडला नव्हता.

मुंबई तेव्हा किल्ल्यातली आणि किल्ल्याबाहेरची अशी दोन गावे होती. पलीकडे घाटावर दुसऱ्या बाजीरावाचे राज्य होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडेपर्यंत या तरुणांचे जग म्हणजे मुंबई बेट आणि फार तर साष्टी. या जगातला त्यांचा दिवस त्यांच्याच टिपणांतून आणि बोर्डाला लिहिलेल्या पत्रांतून बराचसा उभा करता येतो. दिवसाचा मोठा भाग शास्त्र्यापाशी बसून जाई. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपुरात छापले गेले होते, मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये, आणि कोशातले मराठी शब्द मोडीत होते. कॅंडीच्या मदतीने सिद्ध झालेला मोल्सवर्थचा थोरला कोश यायला अजून बरीच वर्षे होती. तेव्हा शिकायचे ते पुस्तकापेक्षा माणसाकडूनच. एकीकडे मूळ ग्रीकवरून नव्या कराराचे भाषांतर चालू. शास्त्रीबुवांनी वाक्य नापसंत केले की ते पुन्हा लिहायचे.

मग पायपीट. हॉल जवळजवळ रोज बाहेर पडे. बाजार, देवळांची आवारे, मुंबादेवीच्या तळ्याचा परिसर, समुद्रकाठ, जिथे चार माणसे जमलेली दिसतील तिथे उभा राहून तोडक्यामोडक्या मराठीत बोलू लागे. लोक थांबत, ऐकत, प्रश्न विचारत. कोणी वाद घाली, कोणी म्हणे तुमचा धर्म तुम्हाला बरा, आमचा आम्हाला. हे उत्तर ऐकून तो खंतावत असे. हिंदू देवदेवतांविषयी आणि पूजेविषयी या मंडळींनी जे लिहून ठेवले आहे ते आज वाचवत नाही इतके कडवट आहे. ज्या समाजात ती राहत होती त्याच्या श्रद्धेकडे आदराने पाहायला ती शिकलीच नव्हती, आणि हे सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. पण त्याच वह्यांमध्ये समोरच्या माणसाचे म्हणणे, त्याचा मुद्दा, त्याचा नकार हेही लिहिलेले सापडते. म्हणून सामान्य मुंबईकर त्या काळी धर्माबद्दल रस्त्यावर काय बोलत होता, हे शोधताना या नोंदी उपयोगी पडतात.

धर्मांतराच्या हिशेबात यश म्हणावे असे काही नव्हते. १८१९ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला, तोही हैदराबादकडच्या एका मुसलमान गृहस्थाचा. आणि याच सुमारास, १८१८ मध्ये, हॉल आणि न्यूएल यांनी जगातल्या साठ कोटी लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी किती माणसे लागतील याचा हिशेब मांडणारे पुस्तक लिहिले होते! मुंबईच्या एका रस्त्यावर एक माणूस पटत नसताना असा हिशेब मांडायला कसला विश्वास लागत असेल, त्याचे मला नवल वाटते.

शाळा मात्र लोकांना हव्या होत्या. मिशनने मुलांसाठी मराठी शाळा काढल्या आणि त्यांवर बहुधा ब्राह्मण पंतोजीच नेमले. वाचन, लेखन, हिशेब आणि सोबत मिशनची पुस्तके. बेने इस्राएल (ज्यू) मुलेही या शाळांत येत. मिशनऱ्याचे काम शाळाशाळांमधून फिरून परीक्षा घेण्याचे, पंतोजींचे पगार देण्याचे, गैरहजेरीची कारणे ऐकून घेण्याचे. परधर्माचा प्रचार करायला आलेला तरुण आणि आपला धर्म न सोडता त्याचा पगार घेणारा पंतोजी, दोघांना एकमेकांची गरज होती.

१८१६ मध्ये होरेशियो बार्डवेल आला. तो छपाईचे काम शिकलेला. कलकत्त्याहून यंत्र आणि नागरी टाइप आणवून १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू झाली. पहिल्याने आठ पानांची पुस्तिका निघाली, मागोमाग मत्तयाचे शुभवर्तमान. फर्दुनजी मर्झबानांचा गुजराती छापखाना १८१२ पासून मुंबईत होता, पण मराठी ग्रंथ छापायला इथे नुकती कुठे सुरुवात होत होती. खिळे जुळवायचे, मुद्रिते तपासायची, शाई आणि कागद यांची चणचण सोसायची, असे हे काम. उपदेशाने जे झाले नाही ते या कामाने झाले. गणपत कृष्णाजींनी मिशनची छपाई पाहून स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजी पोरवयात याच मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पुढे त्यांच्या छापखान्यातून जे संस्कृत ग्रंथ बाहेर पडले ते देशभर प्रमाण मानले जातात. बायबल छापण्यासाठी उभारलेल्या कारखान्यात शिकलेल्या हातांनी शास्त्रे आणि काव्ये छापली, ही गोष्ट या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडते.

शरीर मात्र टिकत नसे. नॉट १८१५ मध्येच आजारपणामुळे परत गेला. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकीची साथ पुढच्या वर्षी मुंबईत आली. मे १८२१ मध्ये न्यूएल पटकीने गेला. ठाण्याला राहणारा जॉन निकोल्स १८२४ मध्ये, आणि एडमंड फ्रॉस्ट येऊन वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच १८२५ मध्ये. घरी कळवलेल्या बातमीला उत्तर यायला जवळजवळ वर्ष लागे.

हॉलने पत्नी मार्गारेटला आणि दोन मुलांना १८२५ मध्ये अमेरिकेला पाठवले. मुलांची प्रकृती तिथे सुधारेल अशी आशा होती. एक मुलगा प्रवासातच गेला. मार्च १८२६ मध्ये हॉल घाट चढून नाशिककडे गेला. तिथे पटकीने थैमान मांडले होते. जवळची औषधे त्याने आजाऱ्यांना वाटली. परतताना एका खेड्यात तो देवळाच्या ओसरीवर रात्री झोपला, पहाटे चारच्या सुमारास त्याला पटकी झाली. औषध जवळपास संपलेले. आठ तासांत, २० मार्च १८२६ रोजी, सगळे आटोपले. बरोबरच्या दोन तरुणांनी त्याला घोंगडीत गुंडाळून तिथेच पुरले. बेचाळिसावे पुरे व्हायला त्याला काही दिवस राहिले होते. ज्या मराठी नव्या करारासाठी त्याने १३ वर्षे वेचली, त्याची छपाई त्याच वर्षी पुरी झाली.

डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईला आली. न्यू हॅम्पशरची, ३२ वर्षांची, पेशाने शिक्षिका, अविवाहित. अमेरिकन बोर्डाने समुद्रापार पाठवलेल्या पहिल्या एकट्या स्त्रियांपैकी ती एक. बोर्डाच्या दप्तरी बायकांचा दर्जा ‘साहाय्यक मिशनरी’ असा लिहिला जाई, तिचाही तोच. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होती. अशा शाळा हळूहळू वाढत गेल्या होत्या आणि त्यांची सारी व्यवस्था तिच्याकडे आली. घरोघर जाऊन आयांना समजवायचे, मुलींना वाचायला आणि शिवणकाम शिकवायचे, आणि हाताशी आलेली मुलगी आठव्या-दहाव्या वर्षी लग्न होऊन गेली की पुन्हा नव्या मुलीला अक्षरओळखीपासून सुरुवात करायची. देणग्या मिळवण्यासाठी इंग्रज मडमांकडे खेपा घालायच्या, त्या वेगळ्याच. प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ मध्ये ती मायदेशी गेली. तिथे राहिली असती तर कोणी नावे ठेवली नसती. १८३९ मध्ये ती परत आली, आणि मुंबईऐवजी अहमदनगरला गेली.

नगरला मिशनचे ठाणे १८३१ मध्ये सुरू झाले होते. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये तिथूनच निघाले. फरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली, आणि तिच्यापासून मिळालेल्या प्रेरणेचा उल्लेख त्यांनी पुढे स्वतः केला. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने शाळा काढली, ती कोणत्याही मिशनच्या छत्राखाली नव्हती. ती त्यांची स्वतःची, त्यांच्या विचारांची शाळा होती. पण मुलींचा वर्ग प्रत्यक्ष कसा चालवतात हे पाहायला त्या काळी महाराष्ट्रात फार थोड्या जागा होत्या. नगरची शाळा त्यांतली एक.

फरारबाई १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या. त्यानंतर सहा वर्षांनी, १८६८ मध्ये, बॉस्टनमधल्या बायकांनी स्वतःचे स्त्री-मिशन मंडळ काढले आणि परदेशी जाणाऱ्या शिक्षिकांसाठी स्वतः पैसे उभे केले.