फाटलेला श्वासपडदा शिवताना

गाडीचा धक्का बसलेला कुत्रा उठून चालू लागला, दोन घास खाल्ले, की घरचे निर्धास्त होतात. खरी दुखापत कधीकधी आत लपलेली असते. छाती आणि पोट वेगळं ठेवणारा डायफ्रॅम हा पातळ स्नायूचा पडदा. धक्क्याने पोटातला दाब एकाएकी वाढला, की तो मांसल कडेला फाटतो. मधला कंडरेचा भाग चिवट असल्याने सहसा टिकतो. फटीतून बहुतेक वेळा यकृत छातीत घुसतं, मागोमाग आतडी, जठर, प्लीहा. फुप्फुसांना फुलायला जागाच उरत नाही. एक्स-रेमध्ये पडद्याची रेघ पुसलेली आणि छातीत आतड्यांची वेटोळी दिसली, की निदान पक्कं.

शस्त्रक्रियेची घाई मात्र सहसा करत नाहीत. आधी ऑक्सिजन, सलाइन, जनावर स्थिरस्थावर होऊ देणं. छातीत शिरलेलं जठर गॅसने फुगू लागलं, तर मात्र थांबायला वेळ नसतो.

पोट उघडताच हवा फटीतून छातीत शिरते आणि जनावराला स्वतःहून श्वास घेता येत नाही. तिथून पुढचा प्रत्येक श्वास भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हातातली पिशवी किंवा व्हेंटिलेटर देतो. सर्जन एकेक अवयव हलकेच खाली आणतो. अडकलाच तर फट थोडी वाढवतो, ओढाताण करत नाही. यकृत फाटलं तर रक्त थांबवणं कठीण. टाके पाठीकडच्या खोल टोकापासून सुरू होतात. तिथेच पडद्यातून महाशिरा जाते, ती आवळली जाता कामा नये. शेवटी छातीत उरलेली हवा नळीने किंवा सुईने काढतात. बरेच दिवस दबलेली फुप्फुसं जोर लावून फुगवत नाहीत, नाहीतर त्यांत पाणी भरतं.

मांजरांच्या छातीला उंचावरून पडण्याचा मोठा धोका. न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमल मेडिकल सेंटरमधला अशा १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ९० टक्के मांजरांच्या छातीला इजा होती. पण उपचार मिळालेल्यांपैकी जवळपास तितकीच वाचली.

म्हणून वरच्या मजल्यावर मांजर असेल तर खिडकीला जाळी लावा. अपघातानंतर जनावर तोंडाने धापा टाकत असेल, मान ताणून बसत असेल, तर त्याला पाणी पाजू नका, उताणं धरू नका. खोक्यात बसवून थेट दवाखाना गाठा. वरकरणी ठीक वाटलं, तरी छातीचा एक्स-रे काढून घ्या.