पंचाने मुखवटा कसा काढावा

शालेय क्रीडास्पर्धांत बेसबॉल व सॉफ्टबॉल या खेळांचा समावेश आहे. त्यामुळे होमप्लेटमागे पंच म्हणून उभे राहण्याचा प्रसंग ग्रामीण शिक्षकावरही येऊ शकतो. पंचाचा तारांच्या जाळीचा मुखवटा काष्टीच्या बाजारात बैलांची मुसकी पाहणाऱ्या मुलांना ओळखीचा वाटेल. हा मुखवटा मूळचा कॅचरसाठी निघाला. अमेरिकेत फ्रेडरिक थेयर यांना १८७८ साली त्याचे पेटंट मिळाले.

पिचर चेंडू टाकीत असता मुखवटा तोंडावरच असावा. चेंडू फटकावला जाताच तो काढावा. कारण जाळीमुळे दृष्टी अडते. त्याची रीत अशी :

१. मुखवटा डाव्या हातानेच काढावा. उजवा हात निर्णयाची खूण करण्यास मोकळा हवा.

२. चेंडूंची गणना ठेवणारे इंडिकेटर डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत धरून उरलेल्या बोटांनी मुखवट्याची खालची कड पकडावी.

३. मुखवटा प्रथम सरळ पुढे ओढावा व मग वर उचलावा. एकदम वर ओढल्यास टोपी निघून पडते. याकरिताच आखूड काठाची टोपी घालतात.

४. दृष्टी चेंडूवरून ढळू देऊ नये. मुखवटा जमिनीवर टाकू नये. धावणारे मूल त्यात अडखळेल.

ही कृती आरशासमोर सावकाश करून अंगवळणी पाडावी. पंच टोपी सावरीत असता धावपटू होमप्लेटवर पोचतो, आणि न पाहिलेल्या गोष्टीचा निर्णय द्यावा लागतो. असा निर्णय ज्या मुलाविरुद्ध जातो, त्याचा गुरुजींच्या न्यायावरील विश्वास उणावतो. तो सहजासहजी परत येत नाही.