उरलेल्या यकृताचा भरवसा

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली आणि गाठ निघाली, हे कळल्यावर यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाचे आप्त ‘आता किती वर्षे धरायची?’ असा जो प्रश्न हमखास विचारतात, त्याचे उत्तर बहुधा पाच वर्षांच्या हिशेबात मिळते, आणि घरची मंडळी ती आयुष्याची मुदतच समजून बसतात. वस्तुतः पाच वर्षे हा वैद्यकीय दफ्तरातील मोजणीचा एक टप्पा होय. मूळ यकृतातच उद्भवलेला कर्करोग लवकर सापडला व रुग्णाची निवड नीट झाली, तर शंभरांपैकी साधारण 50 ते 70 जण तो ओलांडतात, आणि पुढेही पुष्कळ वर्षे जगणारे त्यांत असतात.

जाणत्या शल्यविशारदाची नजर मात्र काढलेल्या गाठीपेक्षा मागे राहणाऱ्या यकृतावर अधिक असते. हिपॅटायटिस बी किंवा सी यांच्या विषाणूंचा वर्षानुवर्षांचा अंमल, मद्यपान, अथवा मधुमेह व स्थूलतेबरोबर साठणारी चरबी यांनी ते बहुधा आधीच निबर झालेले असते. निरोगी यकृताचा दोनतृतीयांश भाग काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून सारा कारभार सांभाळतो; सिरॉसिसने ग्रासलेल्या यकृताची ती ऐपत नसते. म्हणूनच बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातले पाणी आणि रुग्णाची शुद्ध या पाच कलमांची चाइल्ड-प्यू पद्धतीने छाननी झाल्यावाचून सुरी हाती घेतली जात नाही.

इतके करूनही पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रुग्णांत रोग पुन्हा डोके वर काढतो. पहिल्या दोन वर्षांतली गाठ बहुधा जुन्या रोगाचाच अवशेष असते, त्यापुढची पुष्कळदा त्याच जर्जर यकृतात नव्याने जन्मलेली. पहिलीचा सुगावा पॅथॉलॉजीच्या अहवालात लागू शकतो: गाठीलगतच्या बारीक शिरांत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे कर्कपेशींचे पुंजके आढळले, तर धोका वाढतो. सरासरीच्या आकड्यावर खल करण्याऐवजी नातेवाइकांनी ही ओळ डॉक्टरांकडून समजावून घ्यावी, असे मला वाटते.

गाठ आणि रोगट यकृत ही दोन्ही एकदमच दूर करणारा उपाय म्हणजे प्रत्यारोपण. 5 सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, अशा निवडक रुग्णांपैकी 75 टक्के प्रत्यारोपणानंतर चार वर्षांनी हयात होते, असे मिलानच्या मात्साफेरो प्रभृतींनी 1996 साली दाखवून दिले. पण दाता मिळणे दुरापास्त, आणि खर्चही जबर. इतरांसाठी दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन व अल्फा-फीटोप्रोटीनची रक्ततपासणी असते, कारण लहान असतानाच सापडलेली गाठ पुन्हा कापता येते किंवा सुईने उष्णता देऊन जाळता येते. आणि हिपॅटायटिस बी असेल, तर विषाणूविरोधी गोळीही शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.